तर्रीत बुडवलेली पोळी

गोल बाजारातून आणलेल्या तिखटाची तर्री आज भाजीवर तरंगली, आणि त्या वासानं एक जुनी दुपार आठवली.

आमचा शेरू तसा धडधाकट कुत्रा, पण पोट कायम बिघडलेलं. औषधं करून थकलो. शाळेत शिकवायला निघण्याआधी मी रोज त्याच्यासाठी बिनमिठाचा मऊ भात शिजवायची. त्या दिवशी लवकर घरी आले, तर रिटायर झालेले आमचे हे मागच्या पायरीवर बसून त्याला तर्रीत बुडवलेली पोळी भरवत होते.

“काहून देता त्याले? म्हणून तर पोट बिघडून राहिलं!”

“एकट्यानं घास उतरत नाही मले,” ते म्हणाले. मी चिडून आत गेले.

हे गेले आणि महिन्याभरात शेरूचं पोट बरं झालं. पुढं तोही गेला.

आज ताट घेऊन त्याच पायरीवर बसले. घास तर्रीत बुडवला, आणि हात आपसूक शेजारच्या रिकाम्या जागेकडे गेला.