हंसांनी जरा ॲडजस्ट करायला हवं होतं

माझ्या नवऱ्याला एकट्यानं काहीही करता येत नाही. ऑफिसात येतं, तिथं तो मोठा कुणीतरी आहे म्हणे. पण ऑफिसच्या बाहेर पाऊल टाकलं की त्याला माणसं लागतात. इथं अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या घरापासून समुद्र गाडीनं दोन-अडीच तासांवर आहे, पण तिथंही आम्ही कधी दोघंच गेलो नाही. चार-पाच गाड्या, कूलर, गॅसची शेगडी आणि कुणाच्या तरी इंडियाहून आलेल्या सासूबाई, एवढं लटांबर बरोबर असल्याशिवाय आमच्या पायाला वाळू लागत नाही. त्यामुळे मुलानं बापाला एकट्याला बोलावलं, तेव्हाच पुढचं सगळं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचा मुलगा मिसुरीतल्या एका लहानशा गावात, शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात हे वाक्य अजून हळू आवाजात बोललं जातं. कुणी विचारलंच, तर नवरा सांगतो, ‘एज्युकेशन सेक्टरमध्ये आहे.’ मुलानं कॉम्प्युटर सोडून मास्तरकी धरली, त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं हवामान खात्याइतकंच उरलंय. ‘वेदर कसं आहे?’ ‘कोल्ड.’ ‘जॉब?’ ‘गुड.’ ‘थांब, आईला देतो.’ भांडण म्हणावं तर झालं नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी झाला असता.

आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. बाबाला दे म्हणाला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि भाजी चिरत असल्याचं नाटक केलं.

तिकडे वसंतात हंस येतात, तो सांगत होता. स्नो गूज. अंगानं पांढरे, पंखांची टोकं तेवढी काळी. हिवाळा दक्षिणेत काढतात आणि बर्फ वितळायला लागला की आभाळ भरून उत्तरेला निघतात. इतके वाढलेत की वर आर्क्टिककडची जमीन चरून उजाड करतात, म्हणून सरकारच शिकारीची मोकळीक देतं. शाळेतल्या एका मास्तरानं त्याला हा नाद लावला होता. भल्या पहाटे शेतात जायचं, खोटे हंस मांडायचे, पांढरे कपडे घालून त्यांच्यात चिखलात आडवं पडायचं आणि वाट बघायची. ‘खूप वेळ काहीच होत नाही, बाबा. नुसतं पडून बोलायचं. तू ये ना. जस्ट यू.’

शेवटचे दोन शब्द त्यानं सावकाश म्हटले. माझ्या हातातली सुरी थांबली. या पोरानं कॉलेजला गेल्यापासून बापाकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

‘येतो की!’ नवरा म्हणाला. खरंच खूश झाला होता. इतका खूश झाला, की रात्रीच्या जेवणाआधी त्यानं तिघांना फोन करून सांगितलंसुद्धा, आणि तिघंही निघाले.

‘अरे, तो जस्ट यू म्हणाला,’ मी म्हटलं.

‘अगं, ते फॉर्मॅलिटी म्हणून.’

आता मला सांगा, फॉर्मॅलिटी म्हणून माणूस ‘सगळ्यांना घेऊन या’ म्हणतो. ‘एकटाच ये’ असं फॉर्मॅलिटी म्हणून कोण म्हणतं? पण हे ऐकायला नवरा जागेवर नव्हता. तो ग्रुप तयार करत होता.

या तिघांची ओळख करून द्यायला हवी. एक पुण्याचा. त्याचं प्रत्येक वाक्य ‘ॲक्च्युअली’नं सुरू होतं आणि समोरच्याच्या चुकीवर संपतं. दुसरा मुंबईचा. त्याला कुठलीही वस्तू पूर्ण किमतीत घेतली की ताप येतो. तिसरा आमच्या नागपूरचा, म्हणून माझा त्याच्यावर जरा जीव आहे. तो पक्का शाकाहारी. ‘मग तुम्ही शिकारीला जाऊन काय करणार?’ मी विचारलं. म्हणाला, ‘वहिनी, आपल्याले मारायचं नाही, पाहायचं फक्त. आणि हे तर पर्यावरणाचं काम आहे नं बावा.’

पहिला शनिवार ग्रुपचं नाव ठरवण्यात गेला. मुलालाही त्यात घातलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं ‘हाय काकाज’ एवढं लिहिलं आणि गप्प बसला. पुढचे शनिवार आमच्या डायनिंग टेबलावर मीटिंगा. पोहे माझे, चहा माझा, अक्कल त्यांची. पुणेकरानं दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा कधी उडवलं नसेल, पण बंदूक खांद्याला कशी टेकवावी हे तो माझं लाटणं घेऊन शिकवायचा. सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स चौघांनी केला, तेव्हा याचं एक उत्तर चुकलं. त्यानं त्या लोकांना लांबलचक मेल लिहून प्रश्नच कसा चुकीचा आहे ते कळवलं.

मुंबईकरानं पांढरे पोशाख आणले. रंगारी घालतात ते, गळ्यापासून पायापर्यंत एकच चेन असलेले. डील होतं म्हणून अख्खा खोका उचलला. मग एका दुपारी आमच्या मागच्या अंगणात हे चार सद्‌गृहस्थ पांढऱ्या कपड्यांत आडवे पडून सराव करत होते. शेजारच्या गोऱ्या बाईनं कुंपणावरून डोकावून मला विचारलं, हे लोक घर रंगवायचं काय घेतात? मी म्हटलं, कामाला लागतील तेव्हा विचारून सांगते.

एवढं झाल्यावर घोडं अडलं ते तारखेवर.

मुलगा सांगून सांगून दमला. तारीख ठरवता येत नाही. बर्फाची कड जशी उत्तरेला सरकते तसे हंस सरकतात, दोन-चार दिवस आमच्या शेतांत उतरतात आणि निघून जातात. आले की मी फोन करीन, तू लगेच निघ. ‘अरे पण टेंटेटिव्ह डेट तरी दे ना,’ नवरा म्हणाला. ‘बाबा, दे आर बर्ड्‌स,’ मुलगा म्हणाला.

बर्ड्‌स असले म्हणून काय झालं? इकडे मंडळाचा गुढीपाडवा होता, त्यात पुणेकराचं सूत्रसंचालन. मुंबईकराच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. नागपूरकराचा शनिवारचा उपास. त्या दिवशी मारलेलं बघायलाही नको. पुणेकर म्हणाला, ‘ॲक्च्युअली मागच्या काही वर्षांचा डेटा काढला तर पॅटर्न मिळेल.’ काढला. रंगीत आलेख झाला. मग पोल झाला आणि मार्चअखेरची तारीख बहुमतानं मंजूर झाली. मुंबईकरानं तासाभरात चौघांची तिकिटं काढली. स्वस्तातली, म्हणजे परत न होणारी.

‘दॅट्स लेट, बाबा,’ मुलगा म्हणाला.

‘होईल रे ॲडजस्ट.’

कोण ॲडजस्ट होणार होतं, हंस? मी कपाळाला हात लावला. पोरानं मात्र आलेखाच्या फोटोला अंगठा दिला.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एका सकाळी त्याचा फोन आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. त्याच्या आवाजामागे असा कल्ला होता, जसं लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडल्याबरोबर सगळे एकदम बोलायला लागतात. ‘बाबा, ऐकू येतंय? आले! सगळं शेत पांढरं झालंय!’ तो ओरडूनच बोलत होता, लहानपणी बोलायचा तसा. ‘मी फ्रायडे ऑफ घेतलाय. उद्या संध्याकाळची फ्लाइट आहे, मी बघितलीय. तुझं तिकीट मी काढतो. तू फक्त ये. जस्ट यू, बाबा.’

नवऱ्यानं चहाचा कप ओट्यावर ठेवला, परत उचलला. मी खुणेनं सांगत होते, हो म्हण, हो म्हण. तो म्हणाला,

‘मी ग्रुपला विचारून सांगतो.’

फोनमधून थोडा वेळ नुसते हंस ऐकू आले. मग मुलगा म्हणाला, ‘ओके, बाबा.’

हे ‘ओके’ माझ्या ओळखीचं आहे. शाळेच्या मॅचला बाबाला मीटिंगमुळे जमणार नाही असं सांगितलं की हेच ‘ओके’ यायचं. काळजाला घरं पडतात ते ऐकून.

मग मात्र मी तोंड सोडलं. ‘लाज वाटत नाही? पोरगं तिकीट काढून देतंय आणि तू परवानगी कुणाची मागतोयस?’

‘चौघांची तिकिटं आहेत गं. नॉन-रिफंडेबल.’

‘मुलगाही नॉन-रिफंडेबलच आहे म्हणावं!’

तो खुर्चीत बसला. कप तसाच हातात. म्हणाला, ‘दोन दिवस तिथं पडून मी त्याच्याशी काय बोलू?’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रुप, पोल, आलेख, पांढऱ्या कपड्यांचा खोका, हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते. माणूस घाबरला होता. बंदुकीला नाही, पोटच्या पोराला. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

‘काहीही बोल रे वेड्या. चिखलात पडलेला असशील ना? चिखलाबद्दल बोल.’

पण मुलाचा फोन ठेवताठेवताच त्यानं ग्रुपवर टाकलं होतं, आणि निकाल तोवर आला होता. ठरलंय ते ठरलंय, सगळे मिळूनच जायचं. खाली तीन अंगठे. नवऱ्यानं माझ्याकडे न बघता चौथा दिला.

मार्चअखेरीस चौघं गेले. मी दशम्या, चटणी, चकल्या बांधून दिल्या, नागपूरकराचा डबा वेगळा. दोन दिवस ग्रुपवर फोटोंचा पाऊस. परत आले ते उन्हानं लाल होऊन आणि भयंकर खुशीत. ट्रिप एक नंबर झाली म्हणे.

‘आणि हंस?’

‘हंस नव्हते,’ मुंबईकर म्हणाला. ‘पण खोटे होते ना भरपूर. फोटोत कळत नाही.’

मी मुलाला फोन केला. काका लोक छान होते म्हणाला. मोटेलवर रमी खेळले, शेतात भेंड्या लावल्या, पुण्याच्या काकांनी त्याला त्याच्याच गावाचा इतिहास सांगितला. ‘आणि तू रे?’ मी विचारलं. ‘मी ड्राइव्ह करत होतो, आई.’ ‘बाबाशी बोललास?’ ‘काका होते ना,’ म्हणाला.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे मिसळ. सगळ्यांच्या बायकाही आल्या होत्या. नवऱ्यानं फोन टीव्हीला जोडला आणि सोहळा सुरू झाला. चौघं गाडीपुढे. चौघं खोट्या हंसांमध्ये आडवे. चौघं बंदुका रिकाम्या आभाळाकडे रोखून. चौघं दशम्या खाताना. प्रत्येक फोटोला वेगळी गोष्ट, आणि गोष्टीगणिक हंस थोडक्यात हुकलेले. मुंबईकरानं पुढच्या वर्षीचं डीलही शोधून ठेवलं होतं. पुणेकर म्हणाला, ‘ॲक्च्युअली नेक्स्ट इयर आपण फॅमिलीज पण घेऊ या.’

मी रश्श्याचं पातेलं घेऊन उभी होते. सगळे फोटो संपेपर्यंत थांबले आणि विचारलं, ‘आमचा पोरगा कुठं आहे यात?’

‘अगं, तोच तर काढत होता!’ नवरा हसत म्हणाला.

कुणीच हसलं नाही, म्हणून मग त्यालाही हसता येईना. त्यानं फोन उचलला आणि फोटो उलटे नेऊ लागला. दशम्या, बंदुका, हंस, गाडी. परत पुढे. परत मागे. नागपूरकर हळूच म्हणाला, ‘राहू दे न बावा.’ पण नवरा थांबला नाही. चौघं चिखलात उभे आहेत अशा एका फोटोवर मात्र तो थबकला. सकाळचं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येत होतं आणि त्याची लांबच लांब सावली नवऱ्याच्या बुटांपर्यंत पोचली होती.

‘हा बघ ना,’ नवरा मला म्हणाला, ‘आहे की. हा इथं आहे.’

मी पातेलं टेबलावर ठेवलं. बोलायचं ते इतके दिवस बोलून झालं होतं.

नवऱ्यानं टीव्हीची वायर फोनमधून काढली आणि मागच्या दारानं अंगणात गेला. टीव्ही निळा झाला. काचेतून मला तो दिसत होता. फोन कानाला, दुसऱ्या हातानं कुंपणाची पट्टी उगाच खरवडत. बोलत कमी होता, गप्प जास्त होता. काय बोलावं ते त्याला सुचत नसणार, हे मला आतूनही कळत होतं. मध्येच त्यानं वळून दाराकडे बघितलं, आम्हा सगळ्यांकडे.

पण या वेळी ग्रुपला विचारायला तो आत आला नाही.