तांडेल परत येत नाही

तौकीर वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात प्रतवारी करतो. अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. वय त्रेचाळीस, लग्न नाही. आई गेल्यापासून घरात तो एकटा आणि एक जुना कॉम्प्युटर. त्यात ‘व्हेलमार’ नावाचा खेळ आहे.

हा खेळ वीस वर्षांपूर्वी एका लहान परदेशी कंपनीने अर्धवटच बाजारात आणला आणि वर्षभरात ती कंपनी बुडाली. जादूगार, राक्षस, शापित राजा असा नेहमीचा मामला. घोडे भिंतीत अडकतात. पुलावर असताना खेळ सेव्ह केला, तर सगळं पुसलं जातं. तरी जगभरात काही हजार लोक तो अजून खेळतात. का, असं विचारलं तर तौकीर खेळातल्या बंदरावरच्या मासेवालीचं नाव घेतो. कथेशी तिचा काही संबंध नाही. पण चार दिवस तिच्याकडे फिरकलं नाही, की पाचव्या दिवशी ती विचारते, “आजारी होतंस काय रे?”

“नव्या खेळांतली चित्रां बरी आसतत,” तौकीर म्हणतो. “पण असा कोण इचारणा नाय.”

तिला हे मालवणीत विचारायला लावलं ते त्यानेच. सहा वर्षांत त्याने खेळातले अकरा हजार संवाद मालवणीत लिहिले आणि इंटरनेटवर फुकट ठेवले. ते खेळून फोन करणारी एकच निघाली. तन्वी, मूळची कुडाळची, नोकरीला चंद्रपूरच्या बँकेत. तिथे मालवणी बोलायला तिला कोणी नव्हतं. खेळात अडलेलं विचारायच्या निमित्ताने ती दर रविवारी सकाळी फोन करायची.

जूनमध्ये तिने विचारलं, “दादानू, तांडेल परत कधी येतलो?”

खेळात एक म्हातारा तांडेल नायकाला होडीतून बंदरावर सोडतो आणि ‘येतंय’ म्हणून निघून जातो. त्याच्या परतीचा भाग कंपनीने लिहिलाच नव्हता. तौकीरला हे ठाऊक होतं. पुढची वाट डोंगरातून होती आणि डोंगरापलीकडे खेळ संपत होता. खेळ संपला की फोनही संपणार.

“थांब थोडी,” तो म्हणाला. पुढचे दोन रविवार तेच म्हणाला.

चौथ्या रविवारी तन्वी म्हणाली, “माझाच कायतरी चुकला आसतला. आठवडाभर रजा घेतलंय. पयल्यापासून खेळतंय.”

म्हणजे चाळीस तासांचा खेळ पुसायचा. तौकीर म्हणाला, “नको गो. तो येवचो नाय.”

“‘येतंय’ म्हणान गेलो ना?”

“मूळ खेळात ‘जातंय’च आसा. पण निघताना ‘जातंय’ कोण म्हणता काय? हात वळलोच नाय लिवताना.”

“बरां. आणि तीन रविवार ‘थांब’ म्हणालात, तेव्हा जीभ बरी वळली!”

ती हसली, पण थोडंसंच. डोंगराची वाट विचारून घेतली आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी त्याने तांडेलाचं वाक्य बदललं: “मी जातंय. माझी वाट बघू नको.”

तन्वीने रजेच्या सहाव्या दिवशी खेळ संपवला. शुद्धलेखनाच्या चौदा चुकांची यादी पाठवली, खाली लिहिलं, “बरो आसा खेळ.” तौकीरने चुका दोन तासांत दुरुस्त केल्या आणि तसं तिला कळवलं. तिने अंगठा पाठवला. त्यानंतरचे सात रविवार फोन आलेला नाही.