काळ्या कापडाखालचे बुडबुडे

आधीच सांगते — मी जीवशास्त्राची शिक्षिका. भानामती, बाहेरचं असलं कुणी काही सांगायला लागलं की मला आधी सांगणाऱ्याचाच संशय येतो. माझा स्वभावच तसा, घरचेही वैतागतात! तरी हे लिहितेय, कारण रिटायर झाले तरी ते मनातून जात नाही.

सुरतेला लिंबायतमधली आमची मराठी शाळा. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतरची पहिली बारावीची बॅच. प्रयोग साधाच — चंचुपात्रात हायड्रिला ही पाणवनस्पती, त्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. दिवा जवळ आणला की ऑक्सिजनचे बुडबुडे भराभर निघतात, लांब नेला की कमी. प्रकाश जास्त तसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त... बस्स, एवढंच.

पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायची, मी पकडायचे. पण रेखाचे आकडे कुठूनच उतरवलेले नव्हते. ही धुळ्याकडून आलेल्या माग-कामगाराची मुलगी. दिवा जवळ, दिवा लांब, दिवा बंद... सगळीकडे मिनिटाला बेचाळीस!

"मला मूर्ख समजतेस का गं?"

"नाही हो बाई, खरंच मोजले. आईची शप्पथ!"

मला वाटलं, सापडलं. शाळेच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना. त्या खटखटीत वाढलेली आमची पोरं पाढेसुद्धा मागाच्या तालात म्हणायची. ही बुडबुडे सोडून ठोकेच मोजत बसली असणार! मी सही नाकारली. सही नाही तर प्रॅक्टिकलची परीक्षा नाही, आणि वडिलांनी तिला बजावलेलं — यंदा पास झाली नाहीस तर घरी बसून साड्यांचे धागे काप. पोर रडायला लागली. वाईट वाटलं मला, पण खोटं ते खोटं.

शेवटी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तिला भर दुपारी बोलावलं. माग बंद. एकाच जुडीतली हायड्रिला, एकाच बादलीतलं पाणी. एक पात्र तिने मांडलं, एक मी. खिडक्या लावल्या, दोन्हींवर काळं कापड टाकलं. मोजायचंच नाही, वायू किती जमतो तेवढं बघायचं. तिला हात मांडीवर ठेवायला लावले आणि तासभर तिच्यावरची नजर हलवली नाही.

कापड काढलं. माझी नळी पाण्याने काठोकाठ. तिच्या नळीत पाणी अर्ध्यावर, वर नुसता वायू! अंगठा लावून नळी काढली, विझत आलेली अगरबत्ती आत धरली... भपकन पेटली. म्हणजे ऑक्सिजनच. अंधारात!

अंगावर सर्रकन काटा आला. पात्रं बदलली, नळ्या बदलल्या, दाराला आतून कडी घातली. पुन्हा तेच — तिने मांडलेल्याच नळीत वायू.

रेखा खुशीत. "बघा बाई, मी खोटं नव्हते बोलत!"

पण परीक्षक बाहेरून येणार होते. असले आकडे बघून ते पोरीला सरळ नापास करणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, "हे पान फाड. मी सांगते तसं लिही."

ती बघतच राहिली. "पण बाई, ते तर खोटं होईल ना?"

मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली. खाली सही केली. ती पास झाली.

पुढे दरवर्षी तो प्रयोग अंधारात करून बघितला, एक बुडबुडा आला नाही. कारण आजही ठाऊक नाही. इतक्या वर्षांत खोटी जर्नलं किती पकडली... एक मात्र मीच लिहून घेतलं, आणि तेही जी खरं बोलत होती तिच्याकडून.