एकतीस विहिरींची चव

मी कॉम्प्युटर शिकवते. वसईत एव्हरशाईन सिटीमध्ये आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझा क्लास आहे. निवृत्त माणसं, संसारातून थोड्या मोकळ्या झालेल्या बायका, असे लोक येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना टायपिंग शिकवत नाही. अनोळखी मेल उघडायची नाही, फुकट मिळालेलं काहीही मशीनवर चढवायचं नाही, अँटिव्हायरस ओरडला की त्याचं ऐकायचं, महत्त्वाचं असेल ते दुसऱ्या जागी उतरवून ठेवायचं, एवढं आधी घोकून घेते. मी कडक आहे. न तपासता पेन ड्राइव्ह लावणाऱ्याची मी सगळ्या क्लाससमोर हजामत करते. हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते माझ्या तोंडातून सहजासहजी निघत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, भुईगावचे बागायतदार. केळी, पानवेल, कडेला थोडा मोगरा. पण गावात त्यांचं नाव होतं ते जिभेसाठी. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, समुद्राला उधाण असतं त्या दिवशी, ते सकाळी तांब्या घेऊन सायकलवर निघत आणि आसपासच्या आळ्यांतल्या एकतीस विहिरींचं आणि बावखलांचं पाणी चाखून येत. बावखल म्हणजे वाडी शिंपायला खणलेलं आमच्याकडचं उघडं तळं. समुद्र हाकेवर, त्यात जिथे तिथे बोअर मारून टँकर भरणारे. खारं पाणी आत सरकतंय हे सगळ्यांनाच कळत होतं. कुठून आणि किती, ते आबांना लिहून ठेवायचं होतं. गोड, मचूळ, खारट एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "चहाला चालेल, डाळीला नाही," "म्हशीला चालेल," "मागच्या पुनवेपेक्षा जिभेच्या कडेला जास्त लागतं," असले त्यांचे शेरे. आई वैतागून म्हणायची, "घरचं पानी सोडून सगल्या गावाचं पानी पितो हा मानूस."

एका पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरलं आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या त्यांच्या वह्या भिजल्या. आबा पानं सुटी करून पंख्याखाली वाळवत बसले होते. मीच म्हटलं, हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या, म्हणजे कटकट नाही. क्लासातलं एक जुनं मशीन मी त्यांना नेऊन दिलं. सत्तरीला टेकलेला माणूस दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकला. जी पानं वाचता येत होती ती त्यांनी आधी उतरवली, कुजत चाललेल्या वह्या टाकून दिल्या, मग नव्या नोंदी थेट मशीनवर करायला लागले. सगळ्या मिळून तेरा वर्षांच्या. आमच्या आळीच्या टोकाचं मोठं बावखल बुजवायचं घाटत होतं. गावाच्या बैठकीत या नोंदी मांडल्या की ते गेल्यावर कुठल्या विहिरी खारट होणार ते आंधळ्यालाही दिसेल, असं आबा म्हणत.

नियम मी त्यांना क्लाससारखेच शिकवले, आणि इतका गुणी विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. कारणं समजावून सांगावी लागली नाहीत. पानवेलीत ते कुणालाही चपला काढून पाय धुतल्याशिवाय सोडत नसत. कुणाच्या तरी पायाच्या चिखलातून रोग येतो आणि अख्खी वेल बसते हे त्यांनी पाहिलेलं होतं. "म्हणजे हेही वाडीसारखंच," म्हणाले. त्या दिवसापासून लग्नाचे फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या पाहुण्यालासुद्धा आधी तपासणी, मग चहा. मशीनने अपडेट मागितला की मला फोन: "मागतंय, देऊ का?" दर रविवारी सकाळी ते बाहेरची हार्ड डिस्क जोडत, नोंदी तीत उतरवत, आणि लगेच काढून देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवत. जोडलेली राहिली तर मशीनचा रोग तिलाही लागतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

त्या रविवारी मी माहेरी गेले होते. मुलीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंचा अल्बम करायचा होता. ओळखीच्या एकाने मला अल्बमचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं, चोरटं. माझ्या लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून आबांच्या मशीनवर चढवायला घेतलं. अँटिव्हायरस ओरडला. मी पुन्हा प्रयत्न केला, तो पुन्हा ओरडला. मग मी त्यालाच बंद केलं. नियम शिकणाऱ्यांसाठी असतात, शिकवणाऱ्यांसाठी नाहीत, असं मला तेव्हा मनापासून वाटत असणार. फोटो ठेवायला आबांची डिस्कही मीच फळीवरून काढली आणि जोडली. आबा वाडीत होते. अल्बम काही धड होईना, घरी परतायला उशीर होत होता, मी तशीच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. पडद्यावर लाल चौकट आली आहे, इंग्रजीत काहीतरी मागते आहे. मी क्लास सोडून भुईगावला गेले. एकूण एक फाइलचं नाव बदललं होतं, एकही उघडत नव्हती. फायली सोडवायच्या तर पैसे भरा, असं त्या चौकटीत लिहिलं होतं. आबा खुर्चीच्या मागे उभे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "माझ्याच हातून झालं. गुरुवारी विजेच्या बिलाची मेल आली होती. थकबाकी आहे, लाइट कापू, असं लिहिलेलं. मी घाबरून उघडली. तुला सांगायची लाज वाटली."

मी तिथेच भडकले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली इतक्या मोठ्याने बोलले. एवढं शिकवून काय उपयोग, शंभर वेळा सांगितलं होतं, नसेल जमत तर हात कशाला लावता. स्वतःच्या वडिलांना हे सगळं म्हणाले. आबा मान खाली घालून ऐकत होते. मग मी म्हटलं, नशीब डिस्क तरी आहे. फळीकडे गेले तर फळी रिकामी. डिस्क मशीनलाच जोडलेली होती, जिथे मी काल ठेवली होती तिथेच, आणि तिच्यातलंही सगळं बंद झालेलं होतं.

आबांनी डिस्ककडे पाहिलं. "काल सकाळी काढायची विसरलो वाटतं," म्हणाले.

ते कधी विसरले नव्हते. मला ते माहीत होतं आणि मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी न बोलता केली आहे.

मशीन मी वसईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. वयाने माझ्याएवढाच, शांत माणूस. दोन दिवसांनी त्याने बोलावून पडद्यावर एक यादी दाखवली. गुरुवारची विजेच्या बिलाची मेल अँटिव्हायरसने जागच्या जागी अडवली होती. आबांच्या त्या एका क्लिकने काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. मग त्याने खाली बोट नेलं. रविवारी दुपारी अँटिव्हायरस बंद केलेला, आणि पुढच्या काही मिनिटांत अल्बमच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेला व्हायरस. "घरात कुणी चोरटं सॉफ्टवेअर टाकलं होतं का, मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विचारते घरी. नोंदी सोडवता येणार नाहीत, असं तो म्हणाला. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. तिथेही नाही म्हणाले.

भुईगावला जाऊन मी आबांना फक्त एवढंच सांगितलं, की नोंदी सुटणार नाहीत.

त्या दिवशी सांगितलं नाही कारण त्यांना एवढं बोलून झालं होतं. पुढच्या वेळी सांगितलं नाही कारण आधी सांगितलं नव्हतं. मग बैठक होऊ दे म्हटलं, दिवाळी होऊ दे म्हटलं. खरं कारण मला पक्कं ठाऊक आहे. गावात मी कॉम्प्युटरवाली म्हणून ओळखली जात होते, आणि आबाच ते सगळ्यांना छाती फुगवून सांगत असत.

बैठकीत लोक म्हणाले, आबा, तुमच्या नोंदी आणा ना. आबा उभे राहिले, म्हणाले, "माझ्या चुकीने गेल्या," आणि बसले. कुणीतरी म्हणालं, निदान तोंडी सांगा, तुमची जीभ आहे ना. ते बसूनच राहिले. बावखलात मातीचे डंपर रिकामे व्हायला लागले तेव्हा ते बघायलासुद्धा गेले नाहीत.

मशीन मी नव्याने चालू करून दिलं होतं. त्यांनी ते झाकून ठेवलं. फोनवर नातेवाइकाचा साधा गुड मॉर्निंगचा मेसेज आला तरी उघडत नसत, मी गेले की फोन माझ्यापुढे धरत, "तूच बघ बाई, मला नको." अमावास्या यायची, पौर्णिमा यायची, सायकल पडवीतच असायची. मी एकदा म्हटलं, आबा, पुन्हा सुरू करा ना, मी टाइप करून देते. ते हसले. "मला आता पाण्यातलं कळत नाही," म्हणाले. "सगळं सारखंच लागतं." मला त्यांच्या पायाशी बसून ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्हाला सगळं कळतं, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मी त्यांना चहा करून दिला आणि संध्याकाळच्या बसने घरी आले. त्या बसमध्ये मला स्वतःची किळस आली होती.

असं दोन वर्षं चाललं. आजारपण म्हणावं असं काही झालं नाही. एका सकाळी वाडीतून आले, पडवीत बसले आणि गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले. आई आणि मी घर आवरत होतो. आईने मशीनवर झाकलेलं फडकं काढलं आणि त्यानेच धूळ पुसत म्हणाली, "हे तुझं घेऊन जा. याच्यापायी ते मिटले. मला नको घरात."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच, एका दमात. अल्बम, बंद केलेला अँटिव्हायरस, डिस्क, दुरुस्तीवाल्याची यादी, सगळं. आईला अर्ध्या शब्दांचे अर्थ कळले नसतील. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजे ती मेल उघडली त्याने काय झालं नव्हतं?"

"नाही."

"ती डबी काढायला इसरले नव्हते ते?"

"नाही आई. मीच लावून गेले होते."

मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी दोन वर्षं त्याचीच तयारी करत होते, तिने हाकलून दिलं तरी चालेल इथपर्यंत. ती खुर्चीवर बसली. आबांच्या खुर्चीवर ती कधी बसत नसे.

"मी त्यांना लय बोलले गं," ती म्हणाली. "तू बोललीस एक दिस. मी रोज बोलत होते. डालीला मीठ जास्त म्हनाले की म्हनायची, तुम्हाला काय कलतंय. दार लावलं का, गॅस बंद केला का, दहादा इचारायची, तुम्ही इसरता म्हनून. शेवटी शेवटी ते सोताच मला इचारत, मी जेवलो का गं."

मी तिच्या हातातलं फडकं घ्यायला गेले. तिने ते सोडलं नाही.

"तू मला सांगितलंस, तू मोकली झालीस," आई म्हणाली. "आता मी कोनाला सांगू?"