भिंतीपल्याड कोण बसतं

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. घराला चिकटून पत्र्याच्या शेडात मी गाड्या दुरुस्त करतो. हवेसाठी जुना कॉम्प्रेसर बघायला वडूजहून लोणंदला गेलो.

विकणारा पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा. नाव मी विचारलं नाही. बोलता बोलता तो प्रत्येक टाकीवर पाना वाजवायचा आणि आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा कान लावायचा.

मी निळ्या रंगाचा चकचकीत कॉम्प्रेसर धरला.

"आवं बाबा, त्यो नको. आवाज बसका हाय, टाकी आतनं गंजलीया. मी रंग आधी मारला, वाजवली मागनं."

"मला शिकवू नगंस. यंत्रातच म्हातारा झालोय."

"व्हय, पर शेडाच्या भिंतीपल्याड कोण बसतं, तेवढं सांगा."

हट्टानं तोच टेम्पोत घालून आणला.

भिंतीपल्याड आमची चूल आहे. संध्याकाळी बटण दाबलं. टाकीत हवा भरू लागली, काटा चढू लागला, आणि पलीकडून मंडळींच्या भाकरी थापण्याचा आवाज आला. बटण बंद केलं, हवा सोडली. टाकी फुटली असती तर मधे नुसता पत्रा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टाकीखालची तोटी उघडली. गंजाचं तांबडंलाल पाणी आलं. कॉम्प्रेसर तसाच टेम्पोत घालून लोणंद गाठलं आणि त्याला म्हणालो, "माझं चुकलं."

तो हसला नाही. त्यानं पाना माझ्या हातात दिला. मी एकेक टाकी वाजवली आणि कान लावला.