चतुराच्या लुगड्याची पिशवी

भागिरथा परकरी पोर होती, तेव्हा चुलीपाशी चाललेलं मायबापाचं भांडण तिनं दाराआडून ऐकलं.

"चतुरालेही शाळेत घाला म्हणते मी," माय म्हणाली.

"आंधळीले शाळा? काहून, मास्तरचं तोंड चाचपाले?"

मायनं तवा आपटला, पण काही झालं नाही. चतुरा, भागिरथेची थोरली बहीण, जन्मभर ओट्यावर तूर निवडत बसली. तिच्या बोटांतून खडा कधी सुटला नाही. गेली, तेव्हा मागं एक लुगडं उरलं.

भागिरथा पुढं कामरगावला अंध मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला लागली. तिथल्या वर्षाराणी मॅडमनं खेळ काढला होता: पिशवीत हात घालायचा, वस्तू चाचपायची, इंग्रजी नाव सांगायचं. भागिरथेनं त्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, वस्तूही तीच भरायची. चमच्याला स्पून म्हटलं तरी वरण तेवढंच मावतं, असं म्हणायची.

नवी आलेली पिंकी मात्र भिऊन हातच घालेना. तिचा बाप देवमन बजावून गेला होता, "शिकत नसन तर पोळ्याले घरी नेतो." घरी म्हणजे कुठं, ते भागिरथेला ठाऊक होतं. ओट्यावर.

एका दुपारी पिंकीनं हात घातला. "लॉक," ती म्हणाली. मग, "बेल."

"शाब्बास! कसं सापडलं गं?" मॅडमनं विचारलं.

"मी कुठं शोधून राह्यली? आतली बाई देते ना हातात."

"मले बी देते," मागून एक पोरगी म्हणाली. "लय थंडा हात हाय तिचा."

मॅडमनं पिशवी भागिरथेकडं टाकली. "मावशी, ही पिशवी जाळून टाका. नवी शिवा."

नव्या पिशवीत पिंकीनं हात घातला, वाट पाहिली, अन् रिकामाच काढला. पुन्हा मुकी झाली. पोळा तर तोंडावर आलेला.

भागिरथेनं जुनी पिशवी जाळली नव्हती. त्या रिकाम्या पिशवीत तिनं स्वतः हात घालून पाहिला. कोपर आत गेलं तरी तळ लागेना. मग थंड बोटांनी तिचा अंगठा धरला, अन् तुरीतला खडा काढावा तशी नखातलं भाकरीचं पीठ अलगद काढलं.

"शीक बाई, तुलेही शाळाच पायजे होती," भागिरथा कशीबशी म्हणाली. "पण पोरीयले भेव नको दावू."

जुनी पिशवी तिनं नव्या पिशवीला आतून अस्तर म्हणून शिवली. पोळ्याला देवमन आला, तेव्हा पिंकीनं पिशवीतला मातीचा बैल चाचपला अन् ठणकावून म्हणाली, "बुल!" बाप एकटाच माघारी गेला.

त्या वर्षीची भागिरथेची शेवटची बाजारखेप हिवाळ्यातली. बाजारातून लसणाचा गड्डा, फणी, वाटी आणली, पिशवीत भरली, पिशवी खिळ्याला टांगली. नाडी सैलच ठेवली.

"लसूण नवा हाय," ती आत वाकून म्हणाली. "त्याचं इंग्रजी नाव मॅडमले इचारजो." अन् भाकरी टाकायला गेली.