तापू दे की!

पंखा घरघरतोय आणि मी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून बसलेय. "आई, रविवारी भंगारवाला येतोय, हा देऊन टाकूया," असं सूनबाई म्हणाली, म्हणून मी हट्टानं त्यात जास्त ताकदीचा प्रोसेसर स्वतः बसवला. उष्णता उतरवणारी पेस्ट आधी पोळीला तूप लावावं तशी चोपडली, ती बाहेर ओघळली. मग पुसून वाटाण्याएवढीच लावली. आज त्याचा वेग कंपनीनं नेमून दिलेल्यापेक्षा थोडा वाढवलाय, आणि डबा चांगलाच गरम लागतोय. अहो, कामाला लागलेलं तापणारच! मलाही सगळे सांगतात, आता दमानं घ्या. का म्हणून?

"किती ओरडतोय हा!" सूनबाई दारातून म्हणाली.

"ओरडतोय ना? म्हणजे चालतोय. रविवारी भंगारवाल्याला चहा पाज आणि रिकाम्या हातानं परत पाठव."